मोतमद नूरमियाँ आणि साळुंकीची जन्मनोंद

नूरमोहम्मद घोड्याला भीत असत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं ते लपणार नाही. घोडा बांधलेला असो, आजारी असो, नाही तर चार दिवसांचं शिंगरू असो, नूरमियाँ त्याच्यापासून बारा हात लांब उभे राहत आणि तिथूनच मान लांब करून त्याचा रंग, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्या आणि खुणा वहीत उतरवून घेत. असा हा माणूस औरंगाबाद जिल्ह्यातल्या शर्यतीचे घोडे पैदा करणाऱ्यांच्या संस्थेचा, म्हणजे अंजुमनचा, मोतमद, म्हणजे चिटणीस होता. तोही एक-दोन वर्षं नव्हे, सलग नऊ वर्षं.

मी तेव्हा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात सलोत्री होतो. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. घोडा बरा झाला की मालकाचं नशीब, आणि मेला की या बद्रीनाथानं, म्हणजे मी, मारला, असा त्या नोकरीचा दस्तूर होता. सरकारनं मला अंजुमनवर सल्लागार म्हणून नेमलं होतं. नऊ वर्षांत माझा सल्ला कुणी एकदाही घेतला नाही, त्यामुळं लोकांकडं बघायला मला भरपूर वेळ मिळाला. म्हणून तर हे लिहितोय.

अंजुमन-ए-अस्पपरवरान, जिल्हा औरंगाबाद. रोशन दरवाज्याजवळ शफी नालबंदाचं दुकान होतं, त्याच्या माडीवर आमची कचेरी. नाव इतकं लांब की पाटी दारापेक्षा रुंद झाली आणि शेवटची दोन अक्षरं शेजारच्या अत्तरवाल्याच्या भिंतीवर गेली. दोन अक्षरांपुरता मी पण मेंबर आहे, असं तो अत्तरवाला गिऱ्हाइकांना सांगायचा. आत अकरा मेंबर आणि सात खुर्च्या. उशिरा येणाऱ्यानं हरभऱ्याच्या पोत्यावर बसायचं, असा अलिखित कायदा होता आणि त्यावरून तीनदा मारामारीपर्यंत वेळ आली होती. खाली शफीचा हातोडा चालू झाला की वर ठराव ऐकू येत नसे. नूरमियाँ मग खिडकीतून वाकून म्हणत, "शफीभाई, एक ठराव होऊ द्या, मग ठोका." शफी म्हणे, "पाय धरलाय घोड्याचा, तुम्हीच ठराव थांबवा." आणि ठराव थांबे.

सदर, म्हणजे अध्यक्ष, होते आप्पासाहेब देशमुख. भारदस्त माणूस, मिशा त्याहून भारदस्त. त्यांची रंभा नावाची घोडी सगळ्या जिल्ह्यात नावाजलेली होती. रंभेच्या मानेखाली देवमण होता, म्हणजे सगळ्यात शुभ भोवरी. पण पळण्याच्या बाबतीत देवानं तिला मण दिला, पाय दिले नाहीत. आदल्याच वर्षी हैद्राबादच्या शर्यतीत ती निम्म्यावर थांबली आणि बायकांच्या सज्जाकडं बघत उभी राहिली. त्याआधीच्या वर्षी आमचा घोडा शर्यत संपल्यावर दुसऱ्या दिवशी पोचला. त्याच्याही आधी एकानं उलट्या दिशेनं शर्यत जिंकली होती.

नूरमियाँ मोतमद कसे झाले, तेही सांगतो. सत्तावीस वर्षं ते जिल्हा कचेरीत नकलनवीस होते. जमिनीचे जुने कागद समोर ठेवायचे आणि त्यांच्या हुबेहूब नकला काढायच्या. सत्तावीस वर्षांत एक खाडाखोड नाही, अशी त्यांची कीर्ती होती. अंजुमन निघाली तेव्हा लगाम धरणारे अकरा जण होते, लेखणी धरणारा एकही नव्हता. पेन्शनीत निघालेल्या नूरमियाँना लोकांनी घरातून उचलून आणलं. "घोडा चावतो का?" एवढंच त्यांनी विचारलं. आप्पासाहेब म्हणाले, "रजिस्टर थोडंच चावतं!" आणि काम पक्कं झालं.

रजिस्टर मात्र नूरमियाँनी असं ठेवलं की काय सांगावं. पानांवर आकडे, शिवणीवर लाखेचा शिक्का, म्हणजे पान फाडायची सोय नाही. प्रत्येक घोड्याचा हुलिया, प्रत्येकाचा शजरा, म्हणजे आई, आजी, पणजी. खुलताबादच्या एका जागीरदारानं आपली घोडी कुठल्याशा जुन्या सेनापतीच्या घोड्याच्या वंशातली आहे, असं सांगितलं. नूरमियाँनी नम्रपणे विचारलं, "तो घोडा होता की घोडी, आणि बघितलं कुणी?" जागीरदार सहा महिने त्यांच्याशी बोलला नाही. नोंद मात्र 'पणजी नामालूम' अशीच राहिली.

त्यांच्या बेगम सगीराबी याच्यावर फार चिडायच्या. मी घरी गेलो की पडद्याआडून आवाज यायचा, "भाईसाहब, घोड़ों की सात पुश्तां मुँहजबानी हैं इनकू. मेरी खाला का नाम पूछो तो छत कू देखते!" नूरमियाँ खरोखरच छताकडं बघत असत.

फसली तेराशे सेहेचाळीसच्या मेहेर महिन्यात, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीसच्या पावसाळ्यात, हैद्राबादेहून पत्र आलं. सरकारनं आमच्या जिल्ह्याला दिलावर नावाचा अरबी वळू घोडा दिला होता. जिल्ह्यातल्या घोड्या त्याच्यावर लावायच्या आणि जातिवंत शिंगरं काढायची, यासाठीच मुळात अंजुमन होती. पत्रात लिहिलं होतं की नऊ वर्षांत या जिल्ह्यानं काही करून दाखवलेलं नाही. येत्या बहमन महिन्यात, म्हणजे चार महिन्यांनी, मुल्की घोड्यांची शर्यत आहे. त्यात तुमचा घोडा पहिल्या तिनांत आला तर ठीक, नाही तर दिलावर दुसऱ्या जिल्ह्याला जाईल. आणि वळू गेल्यावर अंजुमनची गरज राहणार नाही, हेही त्यांनी जाता जाता लिहून टाकलं होतं.

पत्र वाचून झाल्यावर आप्पासाहेबांनी मिशांवरचा हात काढला. बाकीच्यांना फार तर वळू जाण्याचं दुःख होतं. त्यांच्याकडं शेती होती, जागिऱ्या होत्या, वाद घालायला भाऊबंद होते. नूरमियाँकडं फक्त ही माडी होती. रोज दहाला शेरवानी चढवून बाहेर पडायचं आणि कुणी रस्त्यात "सलाम, मोतमदसाहेब" म्हटलं की थांबून आदाब करायचा, एवढ्यावर तो माणूस जगत होता. त्या दिवशी पत्राची घडी त्यांनी तीनदा मोडून पुन्हा घातली आणि मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

पुढच्या महिन्यात द्वारकाबाई आली. सिल्लोड तालुक्यात अजिंठ्याच्या घाटाजवळ तिचं गाव. नवरा वारलेला, शेत थोडं, जीभ भरपूर. मी तिला ओळखत होतो. चार वर्षांपूर्वी ती स्वतःची घोडी स्वतः घेऊन दिलावरकडं आली होती आणि तिथं उभं राहून असे काही प्रश्न विचारले होते की तबेल्यातले सगळे मोतद्दार लाजून कडबा आणायला गेले होते. आता त्याच घोडीची तीन वर्षांची लेक तिनं शफीच्या दुकानापुढं बांधली. कुमाईत, म्हणजे काळपट तांबडा रंग, लांब पाय, डोळ्यांत बदमाशी. नाव साळुंकी.

बाई थेट माडीवर आली. "मुनशीबाबा, माजं बी नाव घ्या लिवून. घोडी हाय माजी."

"बायकांचं काय काम हितं?" आप्पासाहेब म्हणाले.

नूरमियाँनी कायद्याचा कागद काढला. "सदरसाहेब, कायद्यात 'घोडी पाळणारा हर शख्स' असं आहे. बाई शख्स नाही, असं आपलं म्हणणं असेल तर मी तसं सभेच्या वृत्तांतात लिहितो. वृत्तांताची नकल आपल्या घरी जाते."

आप्पासाहेबांच्या घरी वाचता येणारं माणूस एकच होतं, त्यांची बायको. आप्पासाहेबांनी घाईघाईनं पाणी मागितलं. द्वारकाबाई मेंबर झाली आणि आपणहून हरभऱ्याच्या पोत्यावर जाऊन बसली. खुर्चीवर पाय लोंबकळतात, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दौलताबादच्या रस्त्याला मोकळ्या माळावर आम्ही घोडे पळवून बघितले. काय सांगू! रंभा निघेपर्यंत साळुंकी परत येत होती. अकरा मेंबरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, त्यात बोलाचाली बंद असलेले दोघेही होते. आप्पासाहेब तर "माझी लेक, माझी लेक" करत साळुंकीच्या गळ्यातच पडले. नूरमियाँ बारा हातांवरून टाळ्या वाजवत होते.

तसेच सगळे माडीवर आले. नोंद करायची आणि पेढे वाटायचे. नूरमियाँनी नवं पान काढलं, बोरू दौतीत बुडवला. बाप दिलावर, आई अमुक, रंग अमका, भोवऱ्या तमक्या. मग जन्माच्या जागेचा रकाना आला. आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. नूरमियाँ जुन्या तहजीबचे. परक्या बाईला, ती समोर बसलेली असताना, 'घोडी कुठं व्याली' असं तोंड उघडून विचारणं त्यांना मरणाहून कठीण. कान लाल झाले. खाली बघत ते म्हणाले, "बाई, घोडीला... ती तकलीफ... कुठं सुरू झाली?"

"नाक्याच्या पल्याड," बाईनं सरळ सांगितलं. "माज्या म्हायेरी खानदेशात लगीन व्हतं. घोडी घरी ठिवली असती तर दिरानं इकली असती, म्हून संगं घेतली. फर्दापूरचा करोडगिरीचा नाका हाय ना, त्यो वलांडला आन् म्होरं आंब्याखाली बसली बया."

करोडगिरी म्हणजे आपल्या राज्याची जकात. नाक्याच्या अलीकडं निजाम सरकार, पलीकडं इंग्रज, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. नूरमियाँचा बोरू क्षणभर थांबला. मग त्यांनी शांतपणे लिहिलं, 'जन्म: इलाका-ए-अंग्रेजी', आणि वर वाळू टाकली.

माडीवर असा सन्नाटा झाला की खालचा हातोडासुद्धा थांबला. शर्यत मुल्की घोड्यांची होती. मुल्की म्हणजे आपल्या राज्यात जन्मलेला. त्या काळी साध्या चपराशाची नोकरी हवी तरी मुल्की असल्याचा दाखला लागे. त्यापायी माणसं वेडी व्हायची पाळी आलीच होती, आता घोड्यांवर आली.

"मोतमदसाहेब," आप्पासाहेब गोड आवाजात म्हणाले, "सिल्लोड लिहा."

"लिहिलंय, सदरसाहेब."

"खोडा."

"मी खोडत नाही."

मग जे झालं त्याला सभा म्हणायचं की बाजार, ते मला ठरवता आलं नाही. समजावून झालं, रागावून झालं, एकानं टोपी काढून त्यांच्या पायाशी ठेवली. बाकीचे जिल्हे वाटेल ते लिहितात, असं कुणी म्हणालं. "बाकीच्या जिल्ह्यांचं रजिस्टर माझ्याकडं नाही," नूरमियाँ म्हणाले. शेवटी आप्पासाहेब ओरडले, "दिलावर गेला, अंजुमन गेली, तर तुम्ही काय करणार आहात? कुणाचा मोतमद म्हणून मिरवणार?" त्यावर नूरमियाँनी रजिस्टर बस्त्यात बांधलं आणि जिना उतरले.

मी त्यांच्या मागं घरी गेलो. खरं सांगतो, मीही त्यांना म्हणालो, "लिहून टाका हो सिल्लोड. घोडीच्या बापाचं काय जातंय?"

ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, "सलोत्रीसाहेब, मला घोड्यातलं काय कळतं? काही नाही. मग हे लोक मला का ठेवतात? मी लिहिलं म्हणजे खरं, एवढ्यासाठी. तेवढं गेलं तर मी कोण? घोड्याला भिणारा एक म्हातारा." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

तेवढ्यात पडद्याआडून सगीराबी कडाडल्या, "सत्ताईस साल जमीनां की नकलां उतारे, एक जमीन देखे नहीं! वो झाड़ कां है, नाका कां है, सरहद कां है, जाके देखे क्या? घर में बैठ के रोते!"

नूरमियाँनी छताकडं बघितलं. पण या वेळी छतानं त्यांना काहीतरी सांगितलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. नूरमियाँ, आप्पासाहेब आणि मी अजिंठ्यापर्यंत मोटारीनं, तिथून घाट उतरून द्वारकाबाईच्या बैलगाडीतून. नूरमियाँच्या मांडीवर रजिस्टर आणि रजिस्टरवर छत्री.

फर्दापूरच्या नाक्यावर फकिरा नावाचा जवान बिडी ओढत होता. नूरमियाँनी त्याला अदबीनं विचारलं, "भाई, सरहद इथूनच लागते ना?"

"सरहद? ती कुटं हितं?" फकिरा हसला. "हितं हीर हाय म्हून नाका हितं. सरहदीचा दगूड म्होरं, अर्ध्या कोसावर. तितं पानी नाय, मंग आमी तितं काय मरावं का?"

आप्पासाहेबांनी भररस्त्यात नूरमियाँना उचललं. मीही ओरडलो. सगळ्या जिल्ह्यानं जन्मभर नाक्यालाच सरहद समजावं आणि सरकारनं ती विहिरीच्या सोयीनं ठेवलेली असावी! फकिराला वाटलं काहीतरी तमाशा आहे, तोही गाडीत चढून बसला.

पण देव इतका सरळ असता तर काय पाहिजे होतं. अर्धा कोस गेलो आणि आंबा दिसला. आंब्याच्या बुंध्याला टेकूनच चुना फासलेला सरहदीचा दगड. निम्मं झाड आपल्यात, निम्मं इंग्रजांत.

नूरमियाँनी घसा साफ केला. "बाई, घोडी कुठं... आराम करत होती?"

"हितं की," बाईनं जागा दाखवली. "त्वांड हिकडं," म्हणजे आपल्या बाजूला, "शेपूट तिकडं."

आम्ही सगळे त्या जमिनीकडं बघत राहिलो. मग आप्पासाहेब म्हणाले, "झालं तर! माणूस असो का जनावर, तोंडावरून ओळखतात. तोंड मुल्की."

"शिंगरू तोंडातून येतं का?" नूरमियाँनी विचारलं.

"सलोत्री, तुम्ही बोला. तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा सल्ला घेतला गेला होता. मी म्हणालो, "शास्त्र एवढंच म्हणतं की शिंगरू मागून येतं." आप्पासाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं इंग्रजांच्या हद्दीत गेलो.

वाद रंगला. घोडीनं चारा कुठला खाल्ला? आपला. पाणी कुठलं प्याली? नाक्यावरच्या विहिरीचं. म्हणजे पोटातलं सगळं मुल्की. "पोटातलं मी नोंदवत नाही," नूरमियाँ म्हणाले. आप्पासाहेबांनी मग जमिनीवर काठीनं घोडीची आकृती काढली आणि सरहदीची रेघ किती मागं ढकलता येते, ते बघू लागले. फकिरालाही राहवेना. तो म्हणाला, "आमच्यात असा कायदा हाय, गाडी सरहदीवर उबी ऱ्हायली तर बैलाचं त्वांड जिकडं, तिकडची जकात."

"ऐका!" आप्पासाहेबांनी काठी आपटली. "सरकारी कायदा!"

"गाडी व्याली की तो लावू," नूरमियाँ म्हणाले.

ऊन कलायला लागलं. द्वारकाबाईनं दगडावर बसून भाकरी सोडली, ठेचा काढला आणि खाता खाता आमच्याकडं बघत राहिली. अर्धी भाकरी संपल्यावर म्हणाली, "कवाधरनं भांडताय. कशापायी?"

"अहो बाई," मी म्हणालो, "साळुंकी कुठं पडली ते ठरवायचंय."

"मंग त्ये इचारा की!" बाईनं हातातला घास खाली ठेवला. "मुनशीबाबा इचारतेत तकलीफ कुटं झाली, आराम कुटं केला. म्या सांगितलं. शिंगरू कुटं पडलं हे कुणी इचारलंय का? हितं बसली व्हती घोडी, पर व्याली कुटं हितं? खानदेशाकडनं गाड्या आल्या, त्यांच्यासंगं कुत्री. तशी दचाकली, उठली, आन् निम्मं शिंगरू भाईर आसताना चालाया लागली. ती बाभळ दिसती का? तितं उब्यानंच टाकलं. म्याच झेललं, ह्या पदरात."

बाभळ आपल्या बाजूला होती. चांगली लांब, ओढ्याच्या काठाला.

मला तिथंच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. वेणा देणारी घोडी उठते, बसते, फिरते, हे मी शिकलेला माणूस. आणि आप्पासाहेबांच्या तबेल्यात तीस शिंगरं जन्मली असतील, पण त्यांना ती सकाळी मोतद्दारानं वर्दी दिल्यावरच दिसलेली. आमच्या बारा मेंबरांत घोडी व्यालेली बघितलेलं माणूस एकच होतं आणि ते पोत्यावर बसलेलं होतं.

नूरमियाँ मात्र हसले नाहीत. त्यांच्या कपाळाला आठी पडली. फार संकोचून ते म्हणाले, "बाई, माफ करा. पण हे... आमचा वाद ऐकून तर नाही ना...?"

द्वारकाबाई उठून उभी राहिली. "खोटंच बोलायचं आसतं तर पैल्या दिशीच सिल्लोड सांगितलं नसतं व्हय? तुमच्या दौतीतली शाई तेवढीच लागली आसती."

नूरमियाँनी मान खाली घातली. मग रुमालानं धूळ झटकली आणि दगडापासून बाभळीपर्यंत स्वतः चालत गेले, पावलं मोजत. परत येताना पुन्हा मोजली. दोन्ही वेळा बेचाळीस. गाडीच्या साटीवर रजिस्टर उघडलं आणि दौत काढली. आम्ही श्वास धरून उभे. छत्तीस वर्षांत ज्या हातानं खाडाखोड केली नव्हती, त्या हातानं 'इलाका-ए-अंग्रेजी' या शब्दांवर एक आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली. मग ते लिहीत बसले. बराच वेळ लिहीत बसले.

"आता काय पोवाडा लिहिताय?" आप्पासाहेब वैतागले. "सिल्लोड लिहा आणि चला."

नूरमियाँनी काही ऐकलं नाही. सहा ओळी झाल्या, तेव्हा त्यांनी सही केली.

बहमनमध्ये साळुंकी द्वारकाबाईसकट रेल्वेच्या डब्यातून हैद्राबादला गेली. नूरमियाँही गेले, पूर्ण वाट रजिस्टर मांडीवर घेऊन. त्या सहा ओळींवर तिथं काय काय विचारलं जाईल, याची त्यांनी घरून तयारी केली होती. सरहदीच्या दगडाचा नकाशासुद्धा काढून आणला होता. मैदानावर घोड्यांची नावं घेणारा कारकून होता, त्याच्यापुढं रांग. नूरमियाँची पाळी आली. त्यांनी बस्ता सोडला, खूण घातलेलं पान उघडलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं.

"घोड़ी का नाम? रंग? जिला?" कारकुनानं वर न बघता विचारलं. शिक्का मारला आणि म्हणाला, "चलो, आगे."

"साहब, रजिस्टर..."

"रखो बड़े मियाँ, रखो. इत्ता कौन पढ़ता?"

मागच्या माणसानं ढकललं म्हणून नूरमियाँ बाजूला झाले. रजिस्टर अजून उघडंच होतं.

साळुंकी तिसरी आली. चौथ्या घोड्यापेक्षा मानेइतकी पुढं, पण तिसरी. आप्पासाहेबांनी फेटा हवेत उडवला, तो पुढच्या रांगेतल्या कुणा नवाबाच्या डोक्यावर पडला आणि तिथं दहा मिनिटं वेगळीच शर्यत चालली. दिलावर राहिला, अंजुमन राहिली. मी आनंदानं नूरमियाँना शोधत फिरलो, तर ते तबेल्यांमागं लिंबाखाली एका उलट्या बादलीवर बसलेले. रजिस्टर मांडीवर. समोर द्वारकाबाई साळुंकीचं अंग गवतानं पुसत होती.

"अहो, जिंकलो ना आपण!" मी म्हणालो.

"जिंकलो," ते म्हणाले. "वाचलं नाही कुणी, सलोत्रीसाहेब. मी सिल्लोड लिहिलं असतं तरी चाललं असतं. काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं." त्यांचा आवाज इतका पडला होता की मला त्या कारकुनाची मानगूट धरावीशी वाटली.

द्वारकाबाईनं गवत खाली टाकलं, हात लुगड्याला पुसले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"मला वाचून दावा," ती म्हणाली. "मला काय येत न्हाय वाचाया. वाचा."

नूरमियाँनी चष्मा लावला. एक एक ओळ उर्दूत वाचायची आणि मराठीत सांगायची, असं करत ते वाचू लागले. साळुंकी, कुमाईत, बाप दिलावर. आईला वेणा सरहदीच्या दगडाजवळ आंब्याखाली लागल्या. गाड्या आणि कुत्री आल्यानं ती उठली. दगडापासून बेचाळीस पावलं आत, सरकार-ए-आलीच्या मुलखात, ओढ्याकाठच्या बाभळीपाशी, उभ्यानं व्याली. शिंगरू द्वारकाबाईंनी पदरात झेललं. आधीची नोंद चुकली. चूक मोतमदाची, त्यानं नीट विचारलं नाही. बाईंनी पहिल्यापासून खरं सांगितलं होतं.

बाई डोळे मिटून ऐकत होती. शेवटची ओळ झाल्यावर तिनं डोळे उघडले. मग तिनं मान हलवली.

"हां," ती म्हणाली. "आस्संच झालं व्हतं."

नूरमियाँनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. "ऐकलंत, सलोत्रीसाहेब?"

"ऐकलं," मी म्हणालो.